दोन दाण्यांइतकं गवत

ज्वारीचे दोन दाणे एकावर एक ठेवा. जी उंची होते, साधारण तेवढंच गवत लंडनला विंबल्डन टेनिस स्पर्धेच्या सेंटर कोर्टवर अंतिम सामन्याला असतं: ८ मिलिमीटर. विजेता कोण, हे ठरवण्यात या आठ मिलिमीटरचा केवढा वाटा असतो, हे कळलं तेव्हा मी थक्क झालो.

आपल्याकडे गवत म्हटलं की बांध आठवतो. पण ज्वारीही तृणकुळातलीच. आपल्या मोहोळच्या लोकांना गवताचं वाण निवडणं म्हणजे काय, हे मुद्दाम सांगायला नको. मालदांडीच्या स्थानिक ज्वारीतून निवडलेलं एम ३५-१ हे वाण १९३०च्या दशकातलं, इथलंच. काळ्या रानात साठलेल्या ओलीवर उभं राहणारं, कणसाबरोबर भरपूर कडबाही देणारं. हजारो ताटांतून हवं ते हेरायचं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेच पेरायचं.

विंबल्डननेही निवड केली. तिथे आधी सत्तर टक्के राय आणि तीस टक्के फेस्क्यू असं मिश्र गवत असे. २००१मध्ये ठरलं की यापुढे शंभर टक्के राय. कारण साधं होतं: राय चिवट, पायांखाली टिकणारं. पण ते ताठ उभंही राहतं. त्यामुळे खालची माती लवकर सुकते, टणक होते आणि चेंडू जास्त उसळतो.

गवताचं पातं गुळगुळीत असतं. चेंडूला घर्षण कमी मिळतं, वेग फारसा न गमावता तो पुढे सरकतो. त्यात जमीन मऊ असली तर ती चेंडूची उसळी गिळते, तो घोट्याशीच राहतो. असा चेंडू मागे उभं राहून मारणं कठीण. म्हणून जुने विजेते सर्व्हिस करत आणि लगेच जाळीकडे धावत. २००१ची अंतिम लढत आठवा. तीन वेळा अंतिम फेरीत हरलेला, वाइल्ड कार्डवर आत आलेला गोरान इवानिसेविच आणि पॅट राफ्टर, दोघेही जाळीकडे झेपावणारे. पाचवा सेट ९-७. पुढच्याच वर्षी लेटन ह्युइट आणि डेव्हिड नलबँडियन अंतिम लढत जवळजवळ सगळी मागच्या रेषेवरून खेळले!

रॅकेटच्या तारा आणि खेळाडूंचं प्रशिक्षणही त्या काळात बदललं, त्यामुळे सगळं श्रेय गवताला देणं बरोबर नाही. तरी कोर्टच साक्ष देतं. पूर्वी जाळीकडे जाणारी वाट झिजून तपकिरी व्हायची, आता मागच्या रेषेवर पट्टा पडतो. शेतातली पाऊलवाट पाहून कोण कुठून गेलं हे ओळखावं, तसंच. २००८मध्ये लाल मातीचा राजा नदाल याच गवतावर ४ तास ४८ मिनिटं झुंजून फेडररला हरवू शकला. जुन्या गवतावर ते घडलं असतं असं मला वाटत नाही.

आणि एक माणूस दोन्ही गवतांवर जिंकला. मूळ गोव्याच्या पेस घराण्यातला, कोलकात्यात जन्मलेला लिअँडर. १९९९मध्ये महेश भूपतीबरोबर पुरुष दुहेरी आणि लिसा रेमंडबरोबर मिश्र दुहेरी, एकाच पंधरवड्यात. मग नव्या गवतावर २००३, २०१० आणि २०१५मध्ये मिश्र दुहेरी. शेवटचं मार्टिना हिंगिसबरोबर, वयाच्या ४२व्या वर्षी. जाळीशी चेंडू टप्पा न पडू देता हवेतच टिपणाऱ्याला खालचं गवत कुठलं याने काय फरक पडणार!

अंतिम सामने संपले की कोर्टचा वरचा थर खरवडतात आणि पुन्हा राय पेरतात. ते उगवून हिरवं होईस्तोवर इकडे हस्ताचा पाऊस येतो आणि मोहोळच्या शिवारात मालदांडीसाठी चाड्यावर मूठ धरली जाते.