मातृभाषेचे वळण

परकी भाषा शिकावयास बसणारा मनुष्य कोऱ्या मनाने बसत नाही. त्याच्या मनावर मातृभाषेचे वळण आधीच पडलेले असते. नांगर नव्या शेतात नेला, तरी बैल आपल्या जुन्याच चालीने चालतात. भाषेचेही तसेच आहे. परक्या भाषेत लिहिताना आपल्या ज्या चुका होतात, त्यांतील कित्येक चुका ह्या जुन्या चालीच्या असतात.

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी हे संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव आहे. समजा, तेथील एका विद्यार्थ्याला आपल्या कुटुंबाविषयी इंग्रजीत दहा ओळी लिहावयाच्या आहेत. तो पहिलीच ओळ लिहितो, ‘माय फादर आर फार्मर.’ वहीत तांबड्या शाईच्या दोन खुणा उमटतात. ‘आर’च्या जागी ‘इज’ पाहिजे आणि ‘फार्मर’च्या आधी ‘अ’ पाहिजे. वर्गात हशा पिकतो, मुलगा खाली मान घालून बसतो. परंतु त्याच्या हातून ह्याच दोन चुका का झाल्या, हा प्रश्न कोणाच्याही मनात येत नाही.

आपण त्याचा थोडा विचार करू. मराठीत ‘बाबा आला’ असे आपण सहसा म्हणत नाही. ‘बाबा आले’ असे म्हणतो. वडील एकच असले, तरी आदरासाठी क्रियापद अनेकवचनी होते. इंग्रजीत ही सोय नाही. राजा असो की सेवक, तो एक असला म्हणजे ‘इज’च. तेव्हा मुलाने ‘आर’ लिहिले, ते अज्ञानाने नव्हे, तर आदराने. दुसऱ्या चुकीचे कारण याच्या उलट आहे. इंग्रजीत नामापूर्वी ‘अ’, ‘ॲन’ किंवा ‘द’ ही उपपदे येतात. मराठीत उपपदे नाहीत. ‘बाबा शेतकरी आहेत’ ह्या वाक्यात जे नाहीच, ते इंग्रजी वाक्यात आपोआप कोठून येणार? सारांश, आपल्या भाषेत जे आहे ते आपण परक्या भाषेत घेऊन जातो आणि आपल्या भाषेत जे नाही ते तेथेही विसरतो.

चुकांचा तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. दोन्ही भाषांत एकच गोष्ट सांगता येते, पण सांगण्याची रीत निराळी असते. ‘जरी पाऊस पडला, तरी तो शाळेत गेला,’ असे आपण म्हणतो. मराठीत जरी–तरी, जेव्हा–तेव्हा अशी शब्दांची जोडी लागते. म्हणून मुले ‘ऑल्दो’ लिहितात आणि पुढे ‘बट’ही लिहितात. इंग्रजीला त्यांपैकी एकच शब्द पुरतो. तसेच ‘पाच वर्षांपासून’ आणि ‘सोमवारपासून’ ह्या दोहोंसाठी मराठीत ‘पासून’ हा एकच शब्द आहे. इंग्रजी मात्र भेद करते. काळाची लांबी सांगावयाची असेल तर ‘फॉर’ आणि आरंभ सांगावयाचा असेल तर ‘सिन्स’. शिवाय क्रियापदाचे रूपही बदलते. म्हणून ‘आय ॲम लिव्हिंग इन मोर्शी सिन्स फाइव्ह इयर्स’ हे वाक्य चुकते. ‘आय हॅव बीन लिव्हिंग इन मोर्शी फॉर फाइव्ह इयर्स’ हे शुद्ध ठरते.

हा अनुभव केवळ मराठी मुलांचा नाही. स्पेन किंवा मेक्सिको देशातील स्पॅनिश बोलणारा मुलगा इंग्रजीत आपले वय सांगताना ‘आय हॅव ट्वेल्व्ह इयर्स’ असे लिहून बसतो. कारण त्याच्या भाषेत वय हे माणसाजवळ ‘असते’. थंडी पडली, तर तो नुसते ‘इज कोल्ड’ लिहितो आणि आरंभीचे ‘इट’ गाळतो. स्पॅनिश क्रियापदाच्या रूपावरूनच कर्ता कळतो. आपणही ‘काल अमरावतीला गेलो’ असे म्हणतो, तेव्हा ‘मी’ हा शब्द न उच्चारता कळतोच की! ‘लग्न करणे’ ह्या अर्थाच्या क्रियापदापुढे तर दोघेही ‘विथ’ लिहून चुकतात. कारण आपण कोणा‘शी’ लग्न करतो आणि स्पॅनिशमध्येही तसेच म्हणतात. हजारो कोस दूर असलेली दोन मुले एकाच दगडाला अडखळतात, ती अशी.

ह्या विषयाचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. रॉबर्ट लाडो हे भाषाशास्त्रज्ञ स्वतः स्पॅनिश भाषेत वाढलेले होते. मातृभाषा आणि शिकावयाची भाषा ह्यांची तुलना केली, तर कोणत्या गोष्टी अवघड जातील ते आधीच सांगता येईल, असा विचार त्यांनी १९५७ साली आपल्या ग्रंथात मांडला. पुढे १९६७ साली पिट कॉर्डर ह्यांनी त्याला महत्त्वाची जोड दिली. चूक म्हणजे निव्वळ दोष नव्हे. शिकणारा मनातल्या मनात नियम बांधीत असल्याची ती खूण आहे, असे त्यांनी दाखविले. सर्वच चुका मातृभाषेतून येत नाहीत. ‘टीच’चे भूतकाळी रूप ‘टीच्ड’ असे करणारी लहान मुले खुद्द इंग्लंडातही आढळतात.

मोर्शीच्या मुलाला तर इंग्रजीपूर्वी आणखी एक पायरी चढावी लागते. घरी तो वऱ्हाडी बोलतो. ‘मले भूक लागली’, ‘तो काम करून राहिला’ ही त्याची सहज भाषा. निबंधात ‘मला भूक लागली’, ‘तो काम करीत आहे’ असे लिहावयास तो शाळेत शिकतो. त्याच्या प्रमाण मराठीत वऱ्हाडीचे वळण उतरले, तर तो अडाणीपणा नव्हे. तेथेही हाच नियम चालतो. ह्याच मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ मानला जातो. अशा भूमीतील मुलाने आपल्या बोलीची लाज बाळगण्याचे काहीच कारण नाही.

मग चुका टाळाव्यात कशा? मातृभाषा विसरून नव्हे, तर ती नीट ओळखून. तांबडी खूण दिसली, की ‘मराठीत हे मी कसे म्हटले असते?’ असे स्वतःला विचारावे. दोन्ही वाक्ये एकाखाली एक लिहावीत आणि ती कोठे वेगळी होतात ते पाहावे. ज्याला आपल्या भाषेची चाल कळली, त्याला परक्या भाषेची वाट लवकर सापडते. आणि शेजारच्या बाकावरील सोबती चुकला, तर हसू नये. हसण्याला भिऊन जो लिहिणेच सोडतो, त्याच्या वहीत चुका होत नाहीत हे खरे. पण त्याला भाषाही येत नाही.

स्वाध्याय

१. ‘माय फादर आर फार्मर’ ह्या वाक्यातील दोन चुकांची कारणे तुमच्या शब्दांत सांगा.
२. मराठी व स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांच्या हातून होणारी एक समान चूक सांगून तिचे कारण लिहा.
३. तुमच्या इंग्रजीच्या वहीतील तीन चुका निवडा. त्यांपैकी कोणत्या मातृभाषेच्या वळणामुळे झाल्या, ते शोधा.