लाकडाची तरसीअ: हत्याराआधी मास्क

मागच्या सुट्टीत गारखेड्यातल्या फ्लॅटच्या गॅलरीत आम्ही मुलांसोबत इन्टार्सियाचा तारा करायला घेतला. निरनिराळ्या रंगांच्या लाकडाचे तुकडे कापायचे, प्रत्येकाला उठाव द्यायचा आणि फळीवर जुळवून चिकटवायचे. गडद शिसम, तपकिरी सागवान, पिवळा हलदू, रंग लाकडाचाच. हा इटालियन शब्द अरबी ‘तरसीअ’वरून आल्याचे मानतात. उर्दूतला ‘मुरस्सा’ त्याच कुळातला.

दुसऱ्याच दिवशी अम्मींचा दमा उसळला आणि शेजारच्या दोरीवरचे जुम्म्याचे कपडे धुळीने माखले. वर्गात शेजाऱ्याचे हक्क शिकवणारे आम्ही खजील झालो.

म्हणून पहिली खरेदी एन-९५ मास्कची. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ च्या अहवालात लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे.

मशीनची घाई नको. बेल्ट सँडर झपाट्याने लाकूड खातो, लहान तुकडा क्षणात बिघडतो. गोलाईला अर्धगोल कानस पुरते. मग ८०, १२० आणि २२० नंबरचा पॉलिश पेपर, याच क्रमाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने. पेपराखाली स्पंज ठेवला की उठाव सपाट होत नाही. मशीन घ्यायचेच तर हवा भरलेला ड्रम सँडर घ्यावा. तो वळणाप्रमाणे दबतो.

शेजारच्या तुकड्याची उंची आधी पेन्सिलीने आखावी. घासायचे फक्त वरून. जोडाच्या बाजू घासल्या की फट पडते.

आता आमचे घासकाम गच्चीवर, दोऱ्या रिकाम्या असताना चालते. ताऱ्याचे अजून तीन तुकडे बाकी आहेत.