जुहूच्या किनाऱ्यावरील शंख कसे ओळखावेत

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील जुहूचा किनारा भेळपुरी, गणेशविसर्जन आणि संध्याकाळची गर्दी यांसाठी सर्वांना परिचित असला, तरी समुद्राला ओहोटी लागली की तेथे एक संथ आणि अबोल जीवसृष्टी उघडी पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, आणि पाणी दूर गेल्यावर दिसू लागणारा ओल्या वाळूचा व खडकांचा पट्टा हा सागरी गोगलगायींचा मुलूख असतो. किनाऱ्यावर वेचले जाणारे शंख ही त्यांचीच कवचे होत. ती ओळखू पाहणारा नवखा माणूस प्रथम रंगाकडे पाहतो. परंतु एकाच जातीत रंग अनेक असतात आणि लाटांनी घासलेल्या कवचावर मूळ रंग उरतही नाही. म्हणून शंखाची ओळख त्याच्या घडणीवरून करावी लागते, आणि त्या घडणीचा उलगडा प्राण्याच्या जगण्यातून होतो.

शिंपल्याला दोन झडपा असतात, तर गोगलगायीचे कवच एकसंध असते. पोटाखालच्या स्नायुमय पायावर सरकणाऱ्या या प्राण्यांना ‘उदरपाद’ म्हणतात. त्यांच्या शरीरावरील मऊ आवरण, म्हणजे ‘प्रावार’, चुनखडीचा थर स्रवत राहते आणि प्राणी वाढेल तसे मुखाच्या कडेला नवे कवच जोडले जाऊन त्याची वेटोळी तयार होतात. त्यामुळे टोकाचे सर्वांत लहान वेटोळे हे त्याचे बालपण आणि मुखाची कड हे त्याचे सर्वांत ताजे बांधकाम असते. ओळख पटवताना शंखाचे टोक वर आणि मुख पाहणाऱ्याकडे धरण्याचा प्रघात आहे. असे धरले असता बहुतेक सर्व जातींचे मुख उजवीकडे येते. पूजेतील शंख मात्र परंपरेने नेमका उलटा, निमुळती नाळ वर करून पाहिला जातो, आणि म्हणून ज्याला ‘दक्षिणावर्ती’ म्हणून मोठा मान दिला जातो तो दुर्मीळ शंख शास्त्राच्या भाषेत डावखुरा ठरतो.

यानंतर पाहायचे ते मुख. मुखाची कड सलग असेल, तर तो प्राणी बहुधा खडकावरील शेवाळ खरवडून खाणारा असतो. उलट मुखाच्या खालच्या टोकाला खाच किंवा लांब नाळ असेल, तर तेथून प्राणी पाणी आत घेणारी नळी बाहेर काढतो आणि पाण्यातील वासाच्या मागाने भक्ष्य किंवा मृत जीव शोधतो. या नियमाला अपवाद पुष्कळ आहेत, तरीही पहिली विभागणी करण्यास तो उपयोगी पडतो.

मुंबईच्या वाळूत आढळणारी ‘अंबोनियम’ ही बटणाच्या आकाराची, नखाएवढी गुळगुळीत गोगलगाय रंगावर विसंबू नये हे उत्तम प्रकारे शिकवते. राखाडी, गुलाबी, तपकिरी, पिवळसर, रेघांची, ठिपक्यांची अशी तिची कवचे शेजारी मांडली, तर ती वेगवेगळ्या जातींची वाटतात. पण बसका आकार आणि बुडाशी असलेला चकचकीत जाड थर सर्वांत सारखाच असतो. ती वाळूत स्वतःला पुरून घेऊन कल्ल्यांच्या साहाय्याने पाण्यातील अन्नकण गाळून खाते, आणि सहज रुतता यावे यासाठी तिला तो गुळगुळीतपणा उपयोगी पडतो.

त्याच वाळूत ‘नॅटिका’ गटातील गोल, फुगीर गोगलगाय शिकार करते. तिच्या मुखाला खाच नसते, तरी ती पक्की मांसाहारी आहे. ती शिंपल्याला आपल्या रुंद पायाने कवटाळते, आम्लयुक्त स्रावाने त्याचे कवच मऊ करते आणि ‘रेत्रिका’ या सूक्ष्म दातांच्या पट्टीने तेथे भोक पाडते. भरतीरेषेवर पडलेल्या एखाद्या शिंपल्यावर बाहेरून रुंद आणि आत अरुंद होत गेलेले, अत्यंत नेटके वाटोळे भोक दिसले, तर ते या शिकारीचे चिन्ह समजावे. कडा सरळ असलेले भोक सहसा खडकावर राहणाऱ्या, काटेरी वा गाठाळ कवचाच्या शिकारी गोगलगायींचे असते. वाळू आणि चिकट स्राव यांची बनलेली, कडे तुटल्यासारखी दिसणारी पातळ पट्टी म्हणजे नॅटिकाने घातलेली अंडी होत, आणि ती कचरा समजून पायदळी तुडवली जातात.

खडकांवर ‘नेरिटा’ सहज ओळखता येते, कारण तिचे मुख अर्धचंद्राकार असते आणि त्याच्या सरळ कडेवर बारीक दात असतात. उन्हात तासन्‌तास उघड्यावर राहताना आतला ओलावा टिकावा म्हणून ती चुनखडीच्या घट्ट झाकणाने मुख बंद करते. ‘टर्बो’ गटात हेच झाकण बटणासारखे जाड व गोल असते, आणि कवच न सापडताही केवळ झाकणावरून गट सांगता येतो.

कवडी महाराष्ट्राला समुद्रापासून दूरही ठाऊक आहे. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातील माळ आणि ‘कवडीमोल’ हा शब्द त्याची साक्ष देतात. जिवंतपणी कवडीचा प्रावार बाहेर येऊन सारे कवच झाकतो, आणि म्हणूनच तिची झळाळी घासली जात नाही. शंकूच्या आकाराचा ‘कोनस’ मात्र जिवंत असताना हातात घेऊ नये, कारण तो विषारी दाताने दंश करतो आणि त्याच्या काही जातींचा दंश माणसालाही प्राणघातक ठरतो. याच गटातील एका जातीच्या विषावर आधारलेल्या वेदनाशामक औषधाला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली.

या अभ्यासाची मुंबईतील परंपरा जुनी आहे. मेलविल आणि ॲबरक्रॉम्बी यांनी १८९३ मध्ये मुंबईच्या सागरी मृदुकाय प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. १९५०च्या दशकाच्या आरंभी सुब्रह्मण्यम, करंदीकर आणि मूर्ती यांनी मुंबईच्या सागरी उदरपादांवर मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात लेखन केले. १९९८ मध्ये दीपक आपटे यांचे भारतीय शंखशिंपल्यांवरील पुस्तक बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने प्रकाशित केले, आणि २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या उपक्रमाने सामान्य नागरिकांना ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर नेण्यास आरंभ केला.

निरीक्षकाने एक खूण विशेष लक्षात ठेवावी. गोगलगाय सलग सरकते आणि मागे एकसंध चर सोडते. शंख अडखळत, झटक्याझटक्याने चालू लागला आणि वाळूवर पायांचे ठिपके उमटले, तर आत खेकडा आहे असे समजावे. या खेकड्याचे पोट मऊ असते आणि वाढत्या शरीराला पुरेल असा रिकामा शंख त्याला वेळोवेळी शोधावा लागतो. म्हणजे मूळ मालक मेल्यानंतरही कवच निकामी होत नाही. त्यामुळे मुख, नाळ, वेटोळी आणि झाकण यांचे छायाचित्र घ्यावे, उलटवलेला दगड पूर्ववत ठेवावा आणि शंख जेथून उचलला तेथेच परत ठेवावा. ओळख पटल्यावर त्याची गरज निरीक्षकापेक्षा किनाऱ्यालाच अधिक असते.