बाळ दूध ओढत नाही तेव्हा

प्रसूतीनंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत 'हिला दूधच नाही' हे वाक्य नागपुरात घरोघरी ऐकू येतं, आणि लगेच डब्याचं दूध आणलं जातं. खरं तर या दिवसांत येणारा घट्ट, पिवळसर चीक थोडाच असतो. बाळाचं इवलंसं पोटही तेवढंच मागतं. भरपूर दूध साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतं, सिझर झालं असेल तर कधी थोडं उशिरा. तोवर दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजत राहावं. बाळ जितकं ओढेल तितकं दूध बनतं.

दुखणं, चिरा पडणं यामागे बहुतेकदा पकड चुकलेली असते. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला आणि बोंडाभोवतीचा काळसर भागही तोंडात, अशी पकड हवी. हे शेजारी बसून दाखवणारं कुणीतरी लागतं. नुसत्या 'पाज, पाज' म्हणण्याने आई रडकुंडीला येते.

नागपूरच्या उन्हाळ्यातही सहा महिन्यांपर्यंत वरचं पाणी, घुट्टी, मध नको; आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असतं.

पाचव्या दिवसानंतर बाळाला दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी होत असेल, ते सुस्त वाटत असेल किंवा आईला ताप असेल, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.