गोल नसलेला हिरा चमकतो का?

टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन आपण बारावीला घोकलं, मार्क मिळवले आणि विसरलो. पण नोकरी लागल्यावर कुणी साखरपुड्याची अंगठी घ्यायला सराफाकडे गेलं की हाच चॅप्टर पुन्हा समोर येतो, आणि या वेळी पणाला आपला पगार असतो.

हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे 2.42, म्हणजे क्रिटिकल अँगल साधारण 24.4 अंश. आत शिरलेला किरण खालच्या निमुळत्या भागाच्या, म्हणजे पॅव्हेलियनच्या, पैलूंवर आपटून वरून परत आला तर हिरा चमकतो. खालून निसटला तर काचेचा तुकडाच म्हणा. मार्सेल टोलकोव्स्कीने 1919 साली गोल हिऱ्यासाठी हे गणित मांडलं: पॅव्हेलियन 40.75 अंश, वरचा क्राऊन 34.5 अंश. गोलाची गंमत ही की कोणत्याही बाजूने बघा, कोन तोच.

आता ओव्हल घ्या, 9 मिमी लांब, 6 मिमी रुंद. रुंदीच्या बाजूला 40.75 अंश ठेवायचे तर पॅव्हेलियनची खोली 2.6 मिमी लागते. टोक एकच, त्यामुळे लांबीच्या बाजूला तीच खोली. कॅल्क्युलेटरवर टॅन इन्व्हर्स काढा, 30 अंश येतात! हिशोब ढोबळ आहे, पण अडचण खरी आहे. पैलू पाडणारा कारागीर इथे तडजोड करतो. ती फसली की मधोमध काळपट पट्टा दिसतो, त्याला 'बो-टाय' म्हणतात. तिथले पैलू खोलीतला उजेड न दाखवता बघणाऱ्याच्या डोक्याची सावली दाखवतात. ओव्हल, पेअर, मार्कीज तिन्हींत हे होतं.

म्हणून गोलाच्या जवळ जाणारी चमक हवी असेल तर माझं मत चौकोनी प्रिन्सेस किंवा चौकोनी रेडियंटला. दोन्ही दिशांना माप सारखं, त्यामुळे कोन सांभाळणं सोपं. एमराल्ड कट देखणा खरा, पण त्याचे पैलू पायऱ्यांसारखे. तो लुकलुकत नाही, आरशासारखा मोठे झोत टाकतो आणि आतले डागही दाखवतो.

दुसरा घोळ वजनाचा. भाव कॅरेटवर, त्यामुळे पोटाखाली वजन ठेवण्याचा मोह होतो. असा हिरा वरून लहान दिसतो आणि मध्ये काळवंडतो. उलटं उदाहरण कोहिनूरचं. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात तो चमकेना म्हणून लोक हिरमुसले. 1852 मध्ये त्याला नव्याने पैलू पाडले, तेव्हा सुमारे 186 कॅरेटचा तो 105.6 वर आला. आकार कोणता? ओव्हलच!

सर्टिफिकेट बघून घेऊ म्हणाल, तर जीआयएने कटची श्रेणी 2006 पासून द्यायला सुरुवात केली ती गोल हिऱ्यांना. बाकी आकारांच्या बहुतेक रिपोर्टांवर नुसतं पॉलिश आणि सिमेट्री असतं. ते 'एक्सलंट' असूनही हिरा मंद असू शकतो. तेव्हा डोळे वापरा. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली सगळेच चमकतात. हिरा दारापाशी साध्या उजेडात न्या, हळूहळू कलवा. मधून बोट दिसलं तर प्रकाश खालून गळतोय. पट्टा कलवल्यावरही हटला नाही तर ठेवून द्या. शेजारी गोल हिरा ठेवायला सांगा, सराफ कुरकुरला तरी.

लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्यालाही हेच लागू, कार्बन तोच. आणि प्रिन्सेस घेतलात तर चारही कोपरे पंज्यात धरलेले आहेत ना ते बघा. टवका उडतो तो तिथेच.