रद्दीच्या गठ्ठ्यात तुमचा अंगठा तर नाही ना?

बाजारच्या दिवशी भेळ खाऊन झाली, की हातातला कागद चुरगाळण्याआधी एकदा उलगडून बघा. कधी शाळेतल्या पोराची उत्तरपत्रिका निघते, कधी कुणाच्या कर्जाचा अर्ज, तर कधी कुणाच्या पासबुकाची झेरॉक्स. भेळवाल्याने ती काही चोरून आणलेली नसते. मार्चअखेर उरकली, की सोसायटीची, पतसंस्थेची, खताच्या दुकानाची कपाटे रिकामी होतात. सुतळीने बांधलेले गठ्ठे रद्दीवाला किलोच्या भावाने घेऊन जातो. झेरॉक्सच्या एका कागदाचे वजन पाच ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे किलोभर रद्दीत दोनशेच्या वर कागद झाले. त्यातल्या प्रत्येकावर एखाद्याचा आधार क्रमांक, खाते क्रमांक, मोबाईल नंबर आणि खाली सही नाहीतर अंगठा!

आता कुणी म्हणेल, आमच्या अंगठ्याचे कोण काय करणार? तर मंडळी, ऐका. २०१८ साली तेलंगणात एक प्रकरण उघडकीस आले. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवर शेतकऱ्यांचे अंगठे होते, आधार क्रमांकही होते आणि ते दस्त संकेतस्थळावर पाहता येत होते. सिमकार्डाच्या धंद्यातल्या एकाने तिथले ठसे उतरवून घेतले, रबरी शिक्क्यासारखे बनवले आणि त्यांच्या जोरावर परक्यांच्या नावाने सिमकार्डे सुरू केली. पुढे आधारवरून पैसे काढण्याच्या सोयीतही असे नकली ठसे वापरल्याचे गुन्हे निरनिराळ्या राज्यांत नोंदले गेले. त्या सोयीला लागते काय? आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट. ओटीपी लागत नाही. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर किंवा एमआधार ॲपवर बोटांच्या ठशांना कुलूप लावता येते, ते लावून ठेवा. काम असेल तेव्हा तात्पुरते उघडता येते.

पण हे वाचून कुणी ग्रामसेवक भाऊसाहेबांनी दप्तराची खोली साफ करायला घेऊ नये! आपल्याकडे दोन्ही टोकांच्या चुका होतात. जपायचे ते वाळवीला खाऊ घालतो आणि नष्ट करायचे ते भेळवाल्याला देतो.

२०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा काय धावपळ झाली ते तुम्ही पाहिलेच आहे. जन्ममृत्यूची जुनी रजिस्टरे, शाळेची प्रवेश-निर्गम रजिस्टरे, महसुलाचे शंभर वर्षांपूर्वीचे मोडीतले कागद, सगळे धुंडाळावे लागले. मोडी वाचणारी माणसे हुडकून आणावी लागली. आरक्षणाच्या वादात ज्याचे मत जे असेल ते असो. पण ज्या गावात जुने रजिस्टर कुणीतरी फडक्यात बांधून फळीवर ठेवले होते, तिथल्या माणसाला पुरावा मिळाला आणि जिथे ते पावसात भिजून गेले, तिथल्या माणसाने कुणाकडे जायचे?

म्हणूनच सरकारी दप्तराचे वर्ग पाडलेले आहेत. ‘अ’ वर्ग म्हणजे कायमचे जपायचे, ‘ब’ वर्ग ३० वर्षे, ‘क-१’ १० वर्षे, ‘क’ ५ वर्षे आणि ‘ड’ फक्त १ वर्ष. जन्ममृत्यूची नोंदवही कधीच नष्ट करायची नसते, आणि बाकी कुठले रजिस्टर कुठल्या वर्गात बसते त्याची सूची कार्यालयात असायला हवी. नसेल तर पंचायत समितीतून मागून घ्या, अंदाजाने वर्ग ठरवू नका. सहा गठ्ठा पद्धतीत सहावा गठ्ठा नष्ट करायच्या कागदांचाच असतो. पण पुष्कळ कार्यालयांत तो गठ्ठा बांधला जातो आणि तिथेच राहतो. मग कधीतरी पाहुणे येणार म्हणून सफाई निघते आणि सहाही गठ्ठे एकाच टेम्पोत चढतात!

इथे कायदा कडक आहे बरं का. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ मोडून दप्तर नष्ट केले, तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. माहिती अधिकारात कुणी मागितलेली माहिती जन माहिती अधिकाऱ्याने नष्ट केली, तर त्याच्या खिशातून दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजारांपर्यंत दंड वसूल होतो. कोर्टात पुरावा म्हणून लागणारा कागद दडपण्यासाठी नष्ट करणे हा तर सरळ फौजदारी गुन्हा. तेव्हा ज्या कागदावर लेखापरीक्षणाचा आक्षेप बाकी आहे, अपील चालू आहे, चौकशी लागली आहे, त्याची मुदत संपली असली तरी त्याला हात लावायचा नाही. बाकीच्यांची यादी करायची, वरिष्ठांची लेखी मंजुरी घ्यायची, दोन पंच उभे करायचे आणि नष्ट केल्याची नोंद रजिस्टरला घ्यायची. ही यादी मात्र जपून ठेवायची. उद्या कुणी विचारले, की अमुक फाईल कुठे गेली, तर तोच कागद तुम्हाला वाचवतो.

नष्ट करणे म्हणजे नेमके काय, ते आता बघू. हाताने फाडून टाकले म्हणजे झाले, असे आपल्याला वाटते. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनाही तसेच वाटले होते. १९८९ साली राजवट कोसळू लागली तेव्हा त्यांची कागद कापायची यंत्रे दमली, मग फायली हाताने फाडल्या. त्या तुकड्यांची सुमारे १६ हजार पोती लोकांच्या हाती लागली आणि १९९५ पासून ते तुकडे जुळवून वाचायचे काम सुरू झाले. त्याआधी १९७९ मध्ये तेहरानच्या अमेरिकन वकिलातीत कागद यंत्रातून घालून लांब लांब पट्ट्या केलेल्या होत्या. इराण्यांनी गालिचे विणणारे कारागीर बसवले आणि पट्टीला पट्टी लावून कागद पुन्हा उभे केले! जो माणूस धाग्याला धागा जुळवतो, त्याला पट्ट्यांचे काय?

म्हणून श्रेडर घ्यायचा, तर शेवयांसारख्या पट्ट्या पाडणारा घेऊ नका, उभा-आडवा दोन्हीकडून कापून बारीक चुरा करणारा घ्या. मोठ्या संस्थेला तो परवडतो, आणि दोन-तीन संस्थांनी मिळून एक घेतला तरी चालतो. छोट्या कार्यालयाला त्याहून सोपा उपाय म्हणजे पाणी. कागदाच्या पिना काढा, तुकडे करा, टाकीत दोन दिवस भिजत घाला आणि दांड्याने घोटून लगदा करा. लगद्यातून सही काढणारा कारागीर अजून जन्मला नाही. जाळायचे म्हणाल, तर गठ्ठा तसाच पेटवला की कडा तेवढ्या जळतात, मधे हवा जात नाही आणि पोटातला कागद कोरा करकरीत राहतो. शिवाय धूर होतो तो वेगळाच. रद्दी कागद गिरणीला द्यायची असेल, तर आधी चुरा करून द्या किंवा आपला माणूस लगदा होईपर्यंत तिथे उभा करा.

दुकानदारांनाही मुदती आहेत. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. बँकेने ग्राहकाची ओळखीची कागदपत्रे व्यवहार संपल्यावरही किमान ५ वर्षे ठेवायची असतात. त्यापुढे कारण नसताना साठवणे म्हणजे जोखीम साठवणे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीच्या कायद्यात तर काम संपले की संगणकातली माहिती पुसावी, असेच सांगितले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत.

संगणकाचे दुखणे कागदापेक्षा मोठे. डिलीट दाबले की फाईलचे नाव यादीतून जाते, मजकूर आत तसाच असतो. उताऱ्यावरचे नाव कमी केले म्हणून जमीन थोडीच हलते, तसेच हे. मॉर्गन स्टॅन्ले या अमेरिकेतल्या बड्या वित्तसंस्थेने जुनी यंत्रे मोडीत काढायचे काम सामान हलवणाऱ्या कंपनीला दिले. त्यातली काही यंत्रे ग्राहकांच्या माहितीसकट लिलावात विकली गेली आणि २०२२ मध्ये त्यांना ३ कोटी ५० लाख डॉलर दंड बसला. आपल्या सोसायटीचा संगणक भंगारात जातो तेव्हा आतली हार्ड डिस्क कोण काढून घेतो? ती काढा, ड्रिलने तीन-चार भोके पाडा, आणि मग उरलेले ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाला द्या. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येही बऱ्याचदा हार्ड डिस्क असते आणि काढलेल्या प्रतींची चित्रे तीत राहू शकतात, हे पुष्कळांना ठाऊकच नसते.

घरच्या कागदांचेही तेच. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत तिथल्या टोपलीत टाकू नका, घरी आणा. प्रिंटसाठी आधार, पासबुक दुकानदाराच्या व्हॉट्सॲपवर पाठवले असेल, तर समोर उभे राहून ते त्याच्या फोनमधून आणि संगणकातून काढून टाकायला लावा. चालेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारे आधार द्या. झेरॉक्सवर आडवे लिहा, ‘फक्त पीककर्जासाठी’, आणि खाली तारीख घाला. जुना मोबाईल विकताना सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, बँकेची ॲप आणि गुगलचे खाते बंद करा, मग फॅक्टरी रीसेट करा. मेमरी कार्ड कात्रीने कापले तरी चालते. फोनला मात्र भोके पाडायला जाऊ नका, आतली बॅटरी पेट घेते.