एका नामावलीचे वाचन : अलाबामा विद्यापीठाचा १९७१ चा फुटबॉल संघ

प्रत्येक शिक्षणसंस्थेच्या दप्तरात नावांच्या याद्या असतात. प्रवेशाची नोंदवही, वर्गाचा हजेरीपट, वसतिगृहातील मुलांची यादी, सामन्यासाठी निवडलेल्या खेळाडूंची यादी. या याद्या वरवर अगदी कोरड्या दिसतात. परंतु लक्षपूर्वक वाचल्यास संस्थेच्या इतिहासाची त्यांच्याइतकी निःसंदिग्ध साक्ष दुसरे कोणतेही कागद देत नाहीत. यादीत कोण आहे, कोणत्या वर्षापासून आहे, कोणत्या जागेवर आहे आणि ज्याने असायला हवे होते तो का नाही, हे प्रश्न त्या कागदाला विचारता येतात. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील अलाबामा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाची १९७१ च्या हंगामापूर्वीची नामावली याच दृष्टीने वाचावयाची आहे.

नामावली म्हणजे काय?

प्रथम खेळाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडे फुटबॉल म्हटले की कोल्हापूरच्या पेठांमधील चुरशीचे सामने डोळ्यांपुढे येतात. अमेरिकन फुटबॉल हा त्याहून सर्वस्वी निराळा खेळ आहे. लंबगोल चेंडू हातात घेऊन किंवा फेकून शंभर यार्डांच्या मैदानावर पुढे सरकायचे, प्रतिस्पर्ध्याने अंगावर झेप घेऊन अडवायचे, चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड अंतर कापायचे आणि चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन सहा गुणांचा ‘टचडाउन’ मिळवायचा, असे त्याचे स्थूल स्वरूप आहे. एका वेळी मैदानावर अकरा खेळाडू असतात. पण चढाईचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे. शिवाय चेंडूला लाथ मारणारे तज्ज्ञ आणि प्रत्येक जागेसाठी राखीव खेळाडू. त्यामुळे संघाची नामावली लांबलचक असते.

हे खेळाडू विद्यापीठाचे विद्यार्थी असतात. ते दरवर्षी पदवी घेऊन बाहेर पडतात आणि नवे येतात. म्हणून प्रत्येक हंगामापूर्वी, साधारणतः ऑगस्ट महिन्यात, वृत्तपत्रे व क्रीडा मासिके संघांच्या नामावल्यांची चिकित्सा करतात. नामावलीत खेळाडूचा क्रमांक, नाव, खेळण्याची जागा, उंची, वजन, शिक्षणाचे वर्ष आणि मूळ गाव हे रकाने असतात. कोण गेले, कोण उरले, नवे कोण आले आणि मोकळ्या झालेल्या जागा कोण भरणार, या चार प्रश्नांची उत्तरे शोधणे म्हणजे हंगामाचा अंदाज बांधणे.

कोण गेले, कोण उरले

१९७१ च्या उन्हाळ्यात अलाबामाच्या नामावलीकडे पाहणारे चिंतेत होते. पॉल ब्रायंट हे १९५८ पासून संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली संघाने १९६१, १९६४ आणि १९६५ या वर्षी राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते. परंतु १९६९ मध्ये सहा विजय व पाच पराभव, आणि १९७० मध्ये सहा विजय, पाच पराभव व एक बरोबरी अशी घसरण झाली होती. ब्रायंट यांचा काळ संपला, असे बोलले जाऊ लागले होते.

स्कॉट हंटर हा लांब पल्ल्याची फेक करणारा क्वार्टरबॅक, म्हणजे चढाईचा सूत्रधार, पदवी घेऊन बाहेर पडला होता. त्याच्या जागी टेरी डेव्हिस येणार होता. त्याची ताकद फेकण्यात नव्हती, चपळ धावण्यात होती. जमेच्या बाजूला बर्मिंगहॅमचा जॉनी मुसो होता. चेंडू घेऊन धावणाऱ्या या खेळाडूचे हे अखेरचे वर्ष होते. आघाडीच्या फळीत अल्बर्टव्हिलचा जॉन हॅना होता. हॅनाचे वडीलही याच विद्यापीठाच्या संघातून खेळले होते. हा तपशील लक्षात ठेवावा. पुढे त्याचे कारण पडणार आहे.

हाती असलेली माणसे पाहून ब्रायंट यांनी खेळाची पद्धतच बदलली. टेक्सास विद्यापीठात एमरी बेलार्ड यांनी १९६८ मध्ये ‘विशबोन’ नावाची रचना घडवली होती. तीत क्वार्टरबॅकच्या लगेच मागे एक आणि त्याच्याही मागे दोन्ही बाजूंना एकेक असे तीन धावणारे उभे राहतात. वरून पाहिल्यास कोंबडीच्या दुबेळक्या हाडाचा आकार दिसतो. चेंडू पहिल्याला द्यायचा, स्वतः घेऊन धावायचे की बाहेरच्या धावणाऱ्याकडे टाकायचा, हे क्वार्टरबॅक समोरच्या बचावाची हालचाल पाहून क्षणात ठरवतो. टेक्सासचे प्रशिक्षक डॅरेल रॉयल यांच्याकडून ब्रायंट यांनी ही पद्धत समजून घेतली आणि ऑगस्टमध्ये अत्यंत गुप्तपणे तिचा सराव करून घेतला. पत्रकार सरावाला येत तेव्हा संघ जुन्याच पद्धतीने खेळून दाखवी. नावे सर्वांना ठाऊक होती, त्यांचा वापर कसा होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते.

नवे कोण आले

आता नामावलीतील दोन नावांकडे वळू. जॉन मिचेल, बचावाच्या टोकाचा खेळाडू, तिसरे वर्ष, गाव मोबील. विल्बर जॅक्सन, धावणारा, दुसरे वर्ष, गाव ओझार्क. दोन्ही गावे अलाबामा राज्यातीलच. रकान्यांत याहून अधिक काही नव्हते. परंतु या विद्यापीठाच्या मुख्य संघात तोवर एकही कृष्णवर्णीय खेळाडू खेळला नव्हता. हे दोघे पहिले होते.

केवळ आठ वर्षांपूर्वी, ११ जून १९६३ रोजी, राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या दोन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवण्यासाठी याच विद्यापीठाच्या दारात उभे राहिले होते. केंद्र सरकारच्या हस्तक्षेपामुळे त्यांना बाजूला व्हावे लागले आणि मलोन १९६५ मध्ये पदवीधर झाल्या. वर्गाचे दार उघडले. मैदानाचे दार मात्र बंदच राहिले.

याचा अर्थ कृष्णवर्णीय खेळाडूंत गुणवत्ता नव्हती असा मुळीच नाही. दक्षिणेतील अशी मुले लुइझियानातील ग्रॅम्ब्लिंगसारख्या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांत जात, किंवा घर सोडून उत्तरेकडे व पश्चिमेकडे जात. मोबीलचा मिचेल तर दूर ॲरिझोनातील थॅचर येथील दोन वर्षांच्या महाविद्यालयात गेला होता. घरापासून सुमारे दोन हजार किलोमीटर अंतरावर! आपल्याच राज्याच्या विद्यापीठाने त्याला आधी बोलावले नव्हते. हॅनाच्या नावामागे वडिलांचा वारसा होता. मिचेलच्या वडिलांच्या पिढीला असा वारसा निर्माण करण्याची मुभाच नव्हती. एकाच नामावलीतील दोन ओळींमध्ये हे अंतर होते.

आख्यायिका आणि तारखा

या बदलाविषयी अमेरिकेत एक लोकप्रिय कथा सांगितली जाते. १२ सप्टेंबर १९७० रोजी बर्मिंगहॅमच्या मैदानावर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघाने अलाबामाचा ४२–२१ असा पराभव केला. त्या संघाचा क्वार्टरबॅक आणि दोन्ही प्रमुख धावणारे कृष्णवर्णीय होते. त्यांपैकी सॅम कनिंगहॅम याने १२ धावांत १३५ यार्ड कापून दोन टचडाउन केले. दुसरा धावणारा क्लॅरेन्स डेव्हिस याचा जन्मच बर्मिंगहॅमचा. हा पराभव पाहून अलाबामाच्या गोऱ्या प्रेक्षकांचे डोळे उघडले आणि एका सायंकाळी वर्णभेदाची भिंत कोसळली, असे ही कथा सांगते.

कथा चित्तवेधक आहे; पण नामावलीतील शिक्षणाच्या वर्षाचा रकाना तिला दुजोरा देत नाही. १९७१ मध्ये जॅक्सन दुसऱ्या वर्षाला होता. म्हणजे १९७० च्या त्या सामन्याच्या वेळी तो विद्यापीठात आलेलाच होता. त्याला शिष्यवृत्ती देऊ करण्यात आली होती ती डिसेंबर १९६९ मध्ये, सामन्याच्या नऊ महिने आधी. तत्कालीन नियमानुसार पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघातून खेळता येत नसे. हा नियम १९७२ मध्ये बदलला. म्हणून त्या सायंकाळी जॅक्सन प्रेक्षकांत बसून सामना पाहत होता.

मग भिंत पाडली कोणी? उत्तर अनेकपदरी आहे. १९६७ च्या वसंतात पाच कृष्णवर्णीय विद्यार्थी शिष्यवृत्तीविना, स्वतःच्या हिमतीवर संघाच्या सरावाला उतरले. त्यांपैकी कोणालाही मुख्य सामन्यात संधी मिळाली नाही. तथापि त्या मैदानावर प्रथम पाऊल ठेवणारे तेच होत. त्याच वर्षी ३० सप्टेंबर रोजी केंटकी विद्यापीठाच्या नेट नॉर्थिंग्टनने आग्नेय विभागाच्या स्पर्धेतील पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू म्हणून सामना खेळला. १९६९ मध्ये अलाबामातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनेने, विद्यापीठ कृष्णवर्णीय खेळाडूंची भरती करीत नाही अशी तक्रार करून, केंद्रीय न्यायालयात दावा दाखल केला. त्याच वर्षी वेंडेल हडसन हा बास्केटबॉलपटू विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय शिष्यवृत्तिधारक खेळाडू म्हणून दाखल झाला. त्यानंतर जॅक्सन आला.

कनिंगहॅमच्या पराक्रमाने लोकमत वळवण्यास निश्चित मदत केली. त्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. परंतु सारे श्रेय एका सामन्याला दिले, तर सरावाला उतरलेले ते पाच विद्यार्थी आणि न्यायालयात जाणारी ती संघटना इतिहासातून पुसली जाते. बदल बलवानांच्या मनात एकाएकी उपजला असे वाटू लागते. प्रत्यक्षात ज्यांना बाहेर ठेवले होते त्यांनीच तो अनेक वर्षे मागून, झगडून घडवून आणला होता.

हंगाम कसा गेला

१० सप्टेंबर १९७१ रोजी लॉस एंजेलिस येथे त्याच सदर्न कॅलिफोर्नियाशी पुन्हा गाठ पडली. ‘विशबोन’ पाहून प्रतिस्पर्धी गोंधळले. मुसोने दोन टचडाउन केले, मिचेल बचावात उभा राहिला आणि अलाबामाने १७–१० असा विजय मिळवला. ब्रायंट यांचा तो प्रशिक्षक म्हणून दोनशेवा विजय होता. त्या हंगामातील अकराही नियमित सामने संघाने जिंकले. अखेर १ जानेवारी १९७२ रोजी ऑरेंज बाउल सामन्यात मात्र नेब्रास्काने ३८–६ असा पराभव केला.

मिचेल १९७२ मध्ये टेरी डेव्हिससह संघाचा कर्णधार झाला. १९७३ मध्ये कर्णधारपदाचा मान जॅक्सनला मिळाला. ज्यांच्यासाठी संघात जागा नव्हती, ते दोन वर्षांत संघाचे नेतृत्व करू लागले. त्याच १९७३ मध्ये मिचेल विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय सहायक प्रशिक्षक झाला आणि पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये त्याने दीर्घकाळ प्रशिक्षकाचे काम केले.

जागांचा रकाना

येथे थांबलो तर वाचन अपुरे राहील. यादीत नाव येणे ही एक पायरी. कोणती जागा मिळते ही दुसरी. धावणारा किंवा बचावपटू म्हणून कृष्णवर्णीय खेळाडू स्वीकारला गेला. निर्णय घेणारा क्वार्टरबॅक म्हणून स्वीकारला जायला आणखी काळ लागला. अलाबामातीलच हंट्सव्हिलचा कॉन्ड्रेज होलोवे हा उत्तम क्वार्टरबॅक होता. अलाबामा अद्याप कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकसाठी तयार नाही, असे ब्रायंट यांनी आपल्याला स्पष्टपणे सांगितल्याचे त्याने पुढे नमूद केले आहे. तो शेजारच्या टेनेसी विद्यापीठात गेला आणि १९७२ मध्ये या विभागाचा पहिला कृष्णवर्णीय प्रमुख क्वार्टरबॅक ठरला.

मुख्य प्रशिक्षकाची जागा तर त्याहूनही दूर होती. १९७१ मध्ये अलाबामात पहिल्या वर्षाला दाखल झालेल्या खेळाडूंत सिल्व्हेस्टर क्रूम हा टस्कलूसा या विद्यापीठाच्याच गावचा मुलगा होता. डिसेंबर २००३ मध्ये मिसिसिपी स्टेट विद्यापीठाने त्यांची नेमणूक केली, तेव्हा ते या विभागाचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य फुटबॉल प्रशिक्षक झाले. खेळाडूंच्या यादीतून प्रशिक्षकांच्या यादीत पोहोचायला बत्तीस वर्षे लागली.

आज या विभागातील कोणत्याही संघाची नामावली पाहिली, तर कृष्णवर्णीय खेळाडूंविना तिची कल्पनाही करवत नाही. नव्या पिढीला ही स्थिती स्वाभाविक वाटते, आणि ते योग्यच आहे. मात्र जुन्या याद्या जपून ठेवणे आणि त्या अधूनमधून उघडून वाचणे, हे प्रत्येक संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांचे काम आहे. आपल्या नावाच्या आधीच्या ओळी कोणी मिळवून दिल्या, आणि आजच्या यादीत कोणती जागा अजून रिकामी आहे, हे त्यांतूनच कळते.